भेग भिंतीला, कुऱ्हाड झाडाला

घराजवळचं झाड धोकादायक आहे की नाही, हे आपण बहुतेक वेळा टेप लावून ठरवतो. भिंतीपासून इतक्या फुटांवर आहे, म्हणजे मुळं पायात शिरली असणार, म्हणजे तोडा. आज या टेपशी थोडं भांडायचंय. आधीच कबूल करते, ही चूक मी स्वतः केली आहे.

पवनारला आमच्या घराच्या मागच्या भिंतीला तिरपी भेग पडली. तिथून सहा मीटरवर शेजारच्या काकूंचा कडुलिंब होता. घरात पीएचडी करणारी मुलगी म्हटल्यावर सगळ्यांनी मलाच विचारलं. मी एका पुस्तकातला तक्ता काढला, अंतर पाहिलं आणि सांगितलं, "झाडामुळेच." काकूंनी वाद घातला नाही. शिकलेली पोरगी सांगते आहे, म्हणून झाड पाडू दिलं. पुढच्या एप्रिलमध्ये भेग पुन्हा उघडली.

ते पुस्तक म्हणजे कटलर आणि रिचर्डसन यांचं 'ट्री रूट्स अँड बिल्डिंग्ज' (दुसरी आवृत्ती १९८९). १९७६ च्या दुष्काळात इंग्लंडमधली चिकणमाती आकसली, घरं खचली, विमा कंपन्यांकडे दाव्यांची रांग लागली. त्या काळात लंडनच्या क्यू उद्यानातल्या संशोधकांनी मुळांमुळे नुकसान झाल्याच्या नोंदी गोळा केल्या. कुठलं झाड, इमारतीपासून किती लांब. ओकसाठी सर्वात दूरची नोंद ३० मीटरची, विलोसाठी ४० मीटरची. काम मेहनतीचं आहे, यात शंका नाही. पण हे आकडे "सुरक्षित अंतर" म्हणून वापरले, की घोळ सुरू होतो.

पहिली अडचण तुलनेची. यात नुकसान झालेली घरं आहेत. ज्यांच्या दारात तेच झाड तेवढ्याच अंतरावर आहे आणि भिंतीला काहीही झालेलं नाही, अशी घरं नाहीत. पोटदुखीच्या रुग्णांनाच विचारलं, "सकाळी चहा घेतला होता का?" तर बहुतेक जण हो म्हणतील. म्हणून चहाने पोट दुखतं असं ठरत नाही. न दुखणारे किती जण चहा पितात, तेही बघावं लागतं.

दुसरी अडचण आपल्या मातीची आणि पावसाची. इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. तिथे मोठं झाड खालची चिकणमाती वर्षानुवर्षं कोरडी ठेवू शकतं. झाड तोडलं की तीच माती हळूहळू पाणी पिऊन फुगते आणि घर उचललं जातं. म्हणजे तोडणंही तिथे जोखमीचं. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, झाड असो वा नसो. मे महिन्यात शेतातल्या भेगांत काठी घालून बघा! उथळ पायाचं घर या माती‌बरोबर दरवर्षी खालीवर होतं. झाड त्या कोरडेपणात भर घालतं, हे खरंच आहे. पण किती भर घालतं, हे टेप सांगत नाही.

तिसरी गोष्ट लाजिरवाणी आहे. त्या तक्त्यात कडुलिंब नाहीच. मी "मोठं झाड" म्हणून ओकची ओळ धरली होती.

मग सगळी झाडं निर्दोष? नाही. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर खरोखर भिंत फोडतो, तो लहान असतानाच काढा. मुळं फरशी उचलतात, हलकी कुंपणभिंत वाकवतात, गळक्या पाइपात शिरतात. पोकळ खोड घराकडे झुकलं असेल तर वाट बघू नका. पण भेगेसाठी आधी भेगच मोजा. तिच्या टोकांवर आणि रुंदीवर पेन्सिलने तारीख घाला, महिन्याला एकदा, निदान एक वर्ष. सांडपाण्याची पाइप तपासा. पाया मुरुमापर्यंत गेलाय का, विचारा. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर बुंध्याचे पाइल विकसित केले, ते याच खालीवर होण्यावरचं उत्तर आहे.

आमच्याकडे न्हाणीघराची पाइप गळत होती. एक कोपरा कायम ओला, दुसरा कोरडा, आणि मधली भिंत ताणली जात होती. पाइप बदलली. या उन्हाळ्यात भेग उघडली, पण मागच्या वर्षीच्या खुणेच्या अलीकडेच थांबली. एका वर्षावरून निष्कर्ष काढणार नाही, ती सवय मोडली आहे.

झाडाच्या बदल्यात झाड लावण्याचा हिशोबही असाच टेपचा. राज्याच्या शहरी झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. पवनार ग्रामपंचायतीत आहे, त्यामुळे तो कायदा आम्हाला लागू नाही. पण समजा असता. चाळीस वर्षांच्या कडुलिंबाबदल्यात चाळीस रोपं कुठेतरी लागली असती, काकूंच्या अंगणातली सावली मात्र परत आली नसती.

मी त्यांच्या अंगणात एक कडुलिंब लावून दिलाय, या वेळी जरा लांब. तो गुडघ्याएवढा झालाय. काकू अजून पापड वाळत घालतात, पण दुपारी स्वतः बसायला आमच्या पडवीत येतात.