घरच्या वापराची गाडी

दिवाळी अंकातल्या टीकेच्या पानांत मोटारीचे काय काम, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. ही पाने कथा-कादंबऱ्यांची. पण आज ज्या कृतीविषयी मी लिहायला बसलो आहे तिच्यात माणसांइतकीच महत्त्वाची एक जुनी मोटार आहे. आणि मी स्वतः तशीच एक जुनी मोटार चौदा वर्षे सांभाळली नसती, तर तिच्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते सुचलेच नसते. तेव्हा वाचकांनी थोडे पेट्रोल, थोडे वंगण चालवून घ्यावे. फराळाच्या ताटाला हात लावण्यापूर्वी ते धुतले म्हणजे झाले.

कृतीचे नाव ‘इनिशिअल डी’. शुइची शिगेनो यांनी १९९५ साली ती ‘यंग मॅगझिन’ या जपानी साप्ताहिकात लिहायला, म्हणजे काढायला, सुरुवात केली आणि २०१३ साली ती संपविली. पुस्तकरूपाने तिचे ४८ खंड झाले. जपानीत या प्रकाराला ‘मांगा’ म्हणतात. चित्रकथा म्हटली की आपल्याकडे ती मुलांच्या हाती देऊन मोठी माणसे गप्पांना मोकळी होतात. तिकडे आगगाडीत टाय लावलेले पन्नाशीचे गृहस्थ ती गंभीर चेहऱ्याने वाचताना मी पाहिले आहेत. नोकरीनिमित्त आम्ही योकोहामात होतो, तेव्हा माझ्या मुलीने पहिला खंड माझ्यापुढे टाकला. म्हणाली, “बाबा, वाचा. तुमच्या गाडीसारखीच गोष्ट आहे.”

गोष्ट साधी आहे. तोक्योच्या वायव्येला गुन्मा म्हणून डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या एका गावात बुन्ता फुजिवारा नावाचा माणूस तोफू करून विकतो. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर म्हणा. त्याचा मुलगा ताकुमी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे, पण गेली पाच वर्षे रोज पहाटे घाट चढून वरच्या तळ्याकाठच्या हॉटेलात तो माल पोचवीत आला आहे. (हिशेब केला तर मुलगा तेराव्या वर्षापासून मोटार हाकतो आहे. पालकांनी हे वाक्य मोठ्याने वाचू नये.) गाडी टोयोटाची ‘स्प्रिंटर ट्रुएनो’. १९८३ ते १९८७ या काळात निघालेल्या या गाडीचा अंतर्गत क्रमांक ‘एई ८६’. लोक तिला नुसते ‘हाचिरोकु’, म्हणजे आठ-सहा, म्हणतात. त्या पिढीच्या इतर करोला गाड्यांचे जोर लावणे पुढच्या चाकांकडे गेले होते, हिचे मागच्याच चाकांकडे राहिले. १६०० सीसीचे इंजिन, १३० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्याही आत. ही गाडी घाटात नव्या, दुप्पट ताकदीच्या गाड्यांना मागे टाकते. गाडीच्या दारावर दुकानाचे नाव आहे आणि त्यापुढे कंसात लिहिले आहे: खाजगी वापरासाठी.

या कृतीचे चाहते वळणांवर गाडी आडवी घसरत नेण्याच्या कौशल्याने भारावून जातात. ती चित्रे सुंदर आहेतच. शिगेनोंची माणसे अवघडलेली असतात, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात, आणि स्त्रीपात्र आले की त्यांची लेखणी अगदीच गांगरते. पण गाडी आली की हात मोकळा होतो. तरीही मला वाटते, या कादंबरीचा जीव शर्यतीत नाही. तो दारावरच्या त्या कंसात आहे. एखादी गाडी भरवशाची का ठरते, या प्रश्नाचे शिगेनोंचे उत्तर असे, की ती एका घरात रोज वापरली जाते म्हणून. बाप मुलाला गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवून देतो आणि पाणी सांडू द्यायचे नाही असे बजावतो. टीकाकार याला शर्यतपटूचे शिक्षण म्हणतात. मला विचाराल तर हे गाडीचे आयुष्य वाढविण्याचे शिक्षण आहे. ज्याच्या हातून पाणी सांडत नाही त्याच्या हातून क्लच जळत नाही, ब्रेक झिजत नाहीत, गिअर कडकडत नाहीत.

याच दृष्टीने मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे ताकुमीचा मित्र इत्सुकी गाडी विकत घेतो तो. दोघे एका पेट्रोलपंपावर कामाला आहेत. इत्सुकीने पैसे साठविले आहेत आणि त्याला आठ-सहाच हवी आहे. गाडी मिळते, तो हरखून सर्वांना दाखवायला आणतो, आणि मग कळते की ती आठ-पाच आहे! अंग तेच, रूप तेच, पण आत १५०० सीसीचे साधे इंजिन आणि अश्वशक्ती ८३. मंडळी हसतात. शिगेनोंनी इथे इत्सुकीची कीव करविली असती तर भाग स्वस्त झाला असता. तसे न करता ते ताकुमीला त्याच गाडीच्या चाकामागे बसवितात आणि हिणवणाऱ्या पोरांना त्याच गाडीने हरवितात. जुनी गाडी घेणाऱ्याची फसगत आणि तरीही ‘आता ही माझी’ म्हणून तिच्याविषयी वाटणारी माया यांवर इतके खरे मी दुसरीकडे वाचलेले नाही.

खरे अशासाठी म्हणतो की मीही त्या रांगेतला. २०१० साली मी माझदाची ‘युनोस रोडस्टर’ घेतली, १९९० सालची. बाहेरच्या जगात हिलाच ‘मियाटा’ किंवा ‘एमएक्स-५’ म्हणतात. दोनच माणसांची, कापडी छपराची गाडी. घरी आणली तेव्हा सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, “अहो, तिघांच्या घरात दोघांची गाडी?” याला उत्तर नव्हते. मी तिच्या भरवशाबद्दल बोलू लागलो. १९६०च्या दशकातल्या इंग्रजी खुल्या गाड्या दिसायला मोहक, पण तेल गाळणाऱ्या आणि पावसात रुसणाऱ्या. माझदाने त्यांचा आनंद घेतला आणि हिरोशिमाची शिस्त त्यात घातली, वगैरे वगैरे. हे सारे खरेच आहे. पण चार महिन्यांत इंजिनच्या पुढच्या बाजूची मोठी पुली डुलू लागली, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला.

हा दोष पहिल्या दीड-दोन वर्षांच्या गाड्यांत होता. क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आणि त्याला पुली धरून ठेवणारा एकच बोल्ट. तो कोणी सैल बसविला तर आतली चावी आणि तिचा खाचा झिजत जातो आणि शेवटी शाफ्टच निकामी होतो. म्हणजे दोष कारखान्याचा, पण तो जागा होतो कोणातरी मेकॅनिकच्या घाईने. वीस वर्षांत ही गाडी किती हातांतून गेली होती कोण जाणे. त्यांतल्या एका हाताने टायमिंगचा पट्टा बदलताना बोल्ट नीट आवळला नव्हता. विकणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक असावे, कारण इंजिन इतके चकचकीत धुतलेले मी पुन्हा कधी पाहिले नाही. उलट, याच इंजिनात पट्टा धावता धावता तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी नुसती थांबते. एकाच यंत्रात असा निष्काळजीपणा आणि अशी क्षमाशीलता शेजारी शेजारी नांदत असतात. त्याला ‘विश्वासार्ह’ असा एकच शिक्का मारणारे लेख वाचले की ते गाडीखाली कधी निजले नाहीत हे कळते.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मालकाने शाफ्ट बदलून दिला आणि मला एक सवय लावली: दर रविवारी इंजिन चालू ठेवून पुलीकडे मिनिटभर टक लावून पाहायचे. जपानात खाजगी गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते, आणि तेरा वर्षे उलटलेल्या पेट्रोलच्या गाडीवर वाहनकरही वाढतो. जुनी गाडी ठेवणाऱ्याला सरकार जणू दरसाल विचारते, अजून हौस फिटली नाही का? माझी फिटली नाही.

आता या कादंबरीवरचा माझा मुख्य आक्षेप. आकागीच्या घाटात एका लॅन्सरशी झुंजताना ताकुमीच्या गाडीचे इंजिन फुटते. हा सगळ्या गोष्टीचा कळस. रोज पहाटे इमानेइतबारे चढलेली गाडी तोंडातून धूर सोडून निपचित पडते, बाप ट्रक घेऊन येतो, मुलगा स्वतःला दोष देतो. इथवर शिगेनो थोर आहेत. यंत्राचे मरण त्यांनी घरातल्या माणसाच्या मरणाइतके संयमाने काढले आहे. पण पुढे? बाप शर्यतीच्या गाडीचे एक जबरदस्त इंजिन आणून बसवितो, आणि कथा पुन्हा धावू लागते. त्या इंजिनाचे पैसे कुठून आले? तोफू विकून? ज्या लेखकाने इत्सुकीच्या साठविलेल्या पैशांची बूज राखली त्यानेच इथे बिल टेबलाखाली सरकविले. ताकाहाशी बंधूंची गोष्ट वेगळी. त्यांच्या माझदा आरएक्स-७ गाड्यांत त्रिकोणी रोटरचे इंजिन असते. त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या की दाब जातो आणि इंजिन उघडावे लागते, आणि ते मुळातच वंगण थोडे थोडे जाळीत चालते. पण त्यांच्या वडिलांचे इस्पितळ आहे. तिथे हिशेब विचारायचे कारण नाही. ताकुमीच्या घरी होते. दुरुस्तीचा खर्च आला असता, गाडी महिनाभर बंद पडली असती, माल खांद्यावर न्यावा लागला असता, तर ‘घरच्या वापराची गाडी’ म्हणजे काय हे पूर्ण कळले असते. मालकी म्हणजे बिल. पुढच्या खंडांत गाव सुटते, घाटामागून घाट, शर्यतीमागून शर्यत येते. कौशल्य वाढते आणि घर दिसेनासे होते. त्यांतले बरेच खंड मी मुलीच्या धाकाने वाचले.

या बिलाची वसुली वाचकांकडून झाली, हा त्यातला विनोद. कादंबरी गाजली आणि आठ-सहाच्या किमती चढत गेल्या. एका पोराला परवडणारी गाडी म्हणून जिच्यावर लोक लुब्ध झाले ती पोरांना परवडेनाशी झाली. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी तिथल्या सुरक्षानियमांची अट न घालता नेता येते. त्यामुळे एकेका सालच्या गाड्या वयात आल्या की जपानातून जहाजावर चढतात. ज्या उरल्या त्यांतल्या कित्येक बंद शेडमध्ये कापडाखाली उभ्या आहेत. उभ्या गाडीची रबरी सीले सुकतात, ब्रेक गंजून धरतात, टाकीतले पेट्रोल नासते. कंपन्यांनाही उशिरा जाग आली. माझदाने २०१७ साली पहिल्या पिढीच्या रोडस्टरचे पुनरुज्जीवन करून देण्याची योजना जाहीर केली आणि छपरापासून लाकडी सुकाणूपर्यंत काही भाग पुन्हा बनविले. टोयोटाने २०२१ साली आठ-सहाचे काही सुटे भाग पुन्हा काढले.

एकदा आम्ही दोघे, मी आणि मुलगी, त्या घाटात जाऊन आलो. कादंबरीतला आकिना म्हणजे खरा हारुना. वर तळे आहे, खाली इकाहोचे उन्हाळे आणि त्याच्या दगडी पायऱ्या. जवळच्या एका संग्रहालयात ते तोफूचे दुकान उभे केले आहे आणि समोर ती गाडी. लोक फोटो काढीत होते. मुलगी जरा वेळ पाहून म्हणाली, “बाबा, हिच्याखाली तेलाचा एक थेंबही नाही.” इतकी नेमकी टीका मला या लेखात साधलेली नाही.

२०२४ साली आम्ही कायमचे पुण्याला परतलो. तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आपल्याकडे आणता येत नाही, तेव्हा रोडस्टर विकणे आले. दोन गिऱ्हाइके आली. एक दलाल, गाड्या अमेरिकेला पाठविणारा. त्याने गाडी सुरू न करताच रक्कम सांगितली, आणि ती चांगली होती. दुसरी एका प्राथमिक शाळेतली तरुण शिक्षिका. तिने आधी गाडीचे झाकण उघडायला सांगितले, मग पुलीकडे पाहत उभी राहिली. तिची रक्कम दलालाच्या निम्म्याहून थोडी अधिक. मी घरी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी सौ. म्हणाल्या, “पेला कोणाच्या हातात द्यायचा ते ठरवा एकदाचे.” त्यांनी ती कादंबरी वाचल्याचे मला तोवर माहीत नव्हते.

गाडी शिक्षिकेला दिली. फरकाच्या रकमेत पुण्यातल्या घराचे स्वयंपाकघर नवे झाले असते, हे इथे नमूद करतो, नाहीतर मीही बिल टेबलाखाली सरकविल्यासारखे होईल. गेल्या जुलैत तिचा निरोप आला, की पावसाने आसनामागचा गालिचा भिजतो. छपरावरचे पाणी खाली सोडणारी दोन भोके आसनांमागच्या कोपऱ्यांत असतात. ती पाल्याने तुंबली की पाणी आत मुरते आणि उंबरा गंजतो. तार घालू नका, नळी फाटेल, प्लॅस्टिकची लवचिक काडी घाला, असे मी कळविले. संध्याकाळी तिने वर्तमानपत्रावर पसरलेल्या काळ्या चिखलाचे छायाचित्र पाठविले. त्यात पाइनची पाने होती, आणि माझ्या मुलीची लहानपणची एक केसांची पिन.