शालभंजिका आणि शकुंतला

फुललेल्या वृक्षाच्या आश्रयाने राहणारी आणि त्याचे रक्षण करणारी दिव्य स्त्री ही कल्पना भारतीय शिल्पात आणि काव्यात सारखीच परिचित आहे. मराठीत तिचा निर्देश करताना पुष्कळदा ‘परी’ हा शब्द योजला जातो. हा शब्द फारसीतून आला असून पंख, उड्डाण आणि अद्भुत देश यांचे साहचर्य तो आपल्याबरोबर आणतो. यक्षी उडत नाही. ती वृक्षाला बिलगून असते. ‘यक्षिणी’ या शब्दापासून आलेला मराठी ‘जखीण’ हा शब्द तर केवळ भयसूचक झाला आहे. परंतु या कल्पनेसंबंधीचा खरा घोटाळा याहून जुना आहे आणि तो ‘शालभंजिका’ या संज्ञेत दडलेला आहे.

‘भंज्’ या धातूचा अर्थ मोडणे. पाणिनीच्या ६.२.७४ या सूत्रावरील काशिकावृत्तीत ‘उद्दालकपुष्पभंजिका’ आणि ‘शालभंजिका’ ही पूर्वेकडील लोकांच्या क्रीडांची नावे म्हणून दिलेली आहेत. म्हणजे शालभंजिका हा प्रथम एक खेळ होता. शालवृक्षाची फुललेली डहाळी मोडणे हे त्याचे स्वरूप होय. पुढे तोरणावरील स्त्रीमूर्तीला हेच नाव मिळाले. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’च्या पाचव्या सर्गात निद्रिस्त स्त्रीला तोरणावरील शालभंजिकेची उपमा दिलेली आहे, ती या अर्थान्तराची साक्ष होय. उलट, इसवी सनापूर्वीच्या भारहुतच्या कठड्यावर वृक्षाला कवटाळून उभ्या असलेल्या स्त्रियांखाली कोरलेले शब्द निराळे आहेत. तेथे एक ‘देवता’ चुलकोका आहे, दुसरी ‘यक्षी’ चंदा आहे. अशा मूर्तींना सरसकट शालभंजिका म्हणणे सोयीचे असले तरी त्यामुळे एक महत्त्वाचा विरोध झाकला जातो. फांदीवर हात ठेवलेली स्त्री फांदी सांभाळीत आहे की मोडीत आहे, हे केवळ आविर्भावावरून सांगता येत नाही. ते नावावरून ठरते.

हा विरोध कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतला’त नाट्यरूपाने उलगडला आहे. पहिल्या अंकात शकुंतला बकुळीजवळ उभी राहते तेव्हा प्रियंवदा म्हणते की, तिच्या सान्निध्याने तो वृक्ष जणू लतेने युक्त झालेला दिसतो. ही भारहुतच्या यक्षीचीच आकृती होय. मात्र या आकृतीच्या हातात घट आहे. वृक्षांना पाणी घालणे ही केवळ पित्याची आज्ञा नसून आपल्याला त्यांच्याविषयी सख्ख्या भावंडांसारखा स्नेह वाटतो, असे ती स्वतःच सांगते. ‘मालविकाग्निमित्रा’च्या तिसऱ्या अंकात अशोकाला फुलविण्यासाठी मालविकेच्या चरणाघाताचा दोहद योजणाऱ्या कवीने तपोवनात मात्र तो संकेत वापरला नाही. त्याच्या जागी त्याने रोजचे श्रम ठेवले.

चौथ्या अंकातील अद्भुत प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. कण्व ऋषिकुमारांना शकुंतलेसाठी वृक्षांवरून फुले आणावयास पाठवितात. परंतु फुले खुडण्याचा प्रसंगच येत नाही. एक वृक्ष चंद्रधवल रेशमी वस्त्र देतो, दुसरा पायांसाठी अलक्तकरस देतो, आणि इतर वृक्षांतून मनगटापर्यंत वर आलेले वनदेवतांचे हात अलंकार पुढे करतात. कवी त्या हातांना कोवळ्या पालवीशी स्पर्धा करणारे म्हणतो. थोड्याच वेळाने कण्व वृक्षांचा निरोप घेताना सांगतात की, हिला अलंकारांची आवड असूनही तुमच्यावरील स्नेहामुळे हिने तुमची पालवी कधी तोडली नाही. ही दोन वचने एकत्र ठेवली असता प्रसंगाची रचना स्पष्ट होते. जी पालवी तिने तोडली नाही, तीच हात होऊन परत आली. जी हौस तिने आवरली, तिचीच पूर्ती अलंकारांनी झाली. हा चमत्कार केवळ शोभेसाठी नाही. ती वृक्षांनी केलेली परतफेड आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. सहाव्या अंकात दुष्यंत अपुरे चित्र पाहताना शकुंतलेच्या कानावरील शिरीषपुष्पाचे स्मरण करतो. तेव्हा ती फुले वापरीतच नव्हती असे नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो विवेचनाला बाधक नाही. कण्वांचे वचन पालवीविषयी आहे, फुलाविषयी नाही. नाटकाच्या प्रस्तावनेतील नटीच्या गीतातही स्त्रिया शिरीषाची फुले सदयपणे कानी घालतात असाच उल्लेख आहे. कालिदास उपभोगाचा निषेध करीत नाही. उपभोगातील निर्दयता तो वर्ज्य मानतो.

सहाव्या अंकात राजोद्यानातील दासी आंब्याचा मोहर खुडून कामदेवाला अर्पण करतात, तेव्हा कंचुकी त्यांना रागावतो. वसंतोत्सवाला राजाने मनाई केली आहे, आणि ती वृक्षांनीही मानली आहे, असे तो म्हणतो. मोहरात पराग धरत नाही, कोरांटीची कळी उमलत नाही. येथे खरी ‘भंजिका’ रंगभूमीवर आली आहे. सानुमती अप्सरा तिरस्करिणीच्या आडून हे उद्यान पाहत असते. पण तिचा हात कोणत्याही फांदीतून पुढे येत नाही. ज्या राजाने शकुंतलेला नाकारले, त्याच्या बागेत देवता केवळ साक्षी उरते.

म्हणून कालिदासाच्या वनदेवतेला वृक्षांवर पहारा करणारी परी म्हणणे अपुरे आहे. या नाटकात वृक्षांचे रक्षण माणसाच्या हाताने होते, आणि देवता प्रकट होते ती त्या रक्षणाला उत्तर म्हणून. शालभंजिकेची मुद्रा कवीने ठेवली, पण तिच्या नावातील क्रिया काढून टाकली. शब्दाचा इतिहास बाजूस ठेवून केवळ प्रतिमेचे सौंदर्य पाहणाऱ्या रसिकाला हा फरक दिसत नाही. आणि तो दिसला नाही तर चौथ्या अंकातील निरोपाचे निम्मे कारुण्य हातचे निसटते, कारण तेथे वृक्ष निरोप देतात तो आश्रमकन्येला नव्हे, तर आपल्या रक्षिकेला.