निर्वासितपणाची आत्मकथने : ‘सावरणे’ या संकल्पनेची मर्यादा

आघात, सावरणे आणि व्यक्तिविकास या त्रयीच्या आधारे आत्मकथने वाचण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात समीक्षेत रुजली. ज्युडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (१९९२) या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि समाजाशी पुन्हा जोडले जाणे. मानसोपचारातील ही मांडणी साहित्याला लावताना ‘पुन्हा’ या शब्दापाशी थबकावे लागते. पुन्हा जोडले जाण्यासाठी आधी केव्हा तरी जोडलेले असावे लागते. शहरात येऊन पडलेल्या माणसांच्या आत्मकथनांत हे गृहीत कितपत टिकते?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत करण्यात आली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. तेथील पत्त्यांत ‘कॅम्प’ आणि ‘बराक’ हे शब्द पुढेही राहिले. तात्पुरत्या निवाऱ्याचे नाव कायमचा पत्ता होऊन बसले. सिंधी समाजाने घरादाराबरोबर भाषेची भूमीही गमावली. भारतात सिंधीला स्वतःचे राज्य नव्हते आणि आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडले. हैदराबाद-सिंधमध्ये जन्मलेल्या व मुंबईत सिंधीचे अध्यापन केलेल्या पोपटी हिरानंदाणी यांचे आत्मचरित्र (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८२) या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. आपल्या आयुष्याची पाने त्यांनी शीर्षकातच सोन्यारुप्याची म्हटली आहेत. निर्वासिताच्या कहाणीला हे शीर्षक प्रथमदर्शनी विसंगत वाटते. वस्तुतः, गमावलेल्या गोष्टींवरूनच आपली ओळख ठरू नये, असा आग्रह त्यात दिसतो. सीमा ओलांडून सोबत आलेली भाषा हेच येथे घर होते. सावरणे म्हणजे ते घर इतरांसाठीही उघडे ठेवणे.

दया पवार यांच्या ‘बलुतं’चा (१९७८) नायक कायद्याच्या अर्थाने निर्वासित नव्हे. हे दोन अनुभव एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्यातील भेदच सिद्धान्ताची परीक्षा घेतो. धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यामध्ये हे बालपण विभागलेले आहे. ज्या गावापासून तो दुरावला, ते गावच आघाताचे उगमस्थान होते. परतावे असे घर त्याच्यामागे नाही; शहर जातीची ओळख पुसत नाही, तिचे रूप तेवढे बदलते.

या ग्रंथाची रचना येथे निर्णायक ठरते. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो, दोघे एकच. साक्ष घडण्यासाठी ऐकणारा असावा लागतो, असे प्रतिपादन डोरी लाउब यांनी शोशाना फेल्मन यांच्यासह लिहिलेल्या ‘टेस्टिमनी’ (१९९२) या ग्रंथात केले आहे. ‘बलुतं’मध्ये मात्र हा श्रोता बाहेरून येत नाही, लेखक तो स्वतःमधूनच घडवतो. हे दुभंगणे केवळ आजाराचे लक्षण मानले, तर ग्रंथाचा मर्मबिंदू हातून निसटतो. शिक्षण आणि नोकरी हे ‘विकासा’चे टप्पे दगडूला दूर लोटतात. आत्मकथन ती दरी बुजवीत नाही; दरीच्या दोन्ही काठांवरून बोलणे शक्य करते.

तेव्हा ‘सावरणे’ ही संकल्पना त्याज्य नाही. तिचा कर्ता कोण, हे मात्र तपासले पाहिजे. आघात व्यक्तीवर झाला तरी तो करणारी व्यवस्था सामाजिक असते. अशा स्थितीत विकासाची सारी जबाबदारी पीडितावर टाकणारे वाचन त्या व्यवस्थेला नकळत मोकळे सोडते. पीडित कितपत सावरला, असे विचारण्यापूर्वी त्याचे ऐकून घेण्याइतके आपण बदललो काय, हा प्रश्न समीक्षेने स्वतःला विचारावयास हवा.