पाहुणा आणि रहिवासी : जोसे सारामागो यांच्या कादंबरीतील लिस्बन

प्रस्तावना

दुरावलेल्या शहरात येणारा माणूस प्रथम पाहुणा असतो, पुढे तेथे घर करतो आणि कालांतराने त्या शहराचाच होतो, असा क्रम आपण सहसा गृहीत धरतो. पोर्तुगीज कादंबरीकार जोसे सारामागो (१९२२–२०१०) यांची ‘रिकार्दो रेइसच्या मृत्यूचे वर्ष’ (१९८४) ही कादंबरी या क्रमावरच प्रश्नचिन्ह उभे करते. शहरात घर मिळाले म्हणजे माणूस तेथील रहिवासी होतो काय, हा तिचा एक मध्यवर्ती प्रश्न होय. हॉटेल आणि भाड्याचे घर या कादंबरीतील दोन स्थळांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नायकाचे स्वरूप

रिकार्दो रेइस हा मुळात कवी फर्नांदो पेसोआ (१८८८–१९३५) यांनी कल्पिलेला कवी. पेसोआ यांनी अनेक काल्पनिक कवी निर्माण करून प्रत्येकाला स्वतंत्र चरित्र व शैली दिली. त्यांपैकी रेइस हा पोर्तोत जन्मलेला, पेशाने डॉक्टर, विचारांनी राजसत्तावादी असून १९१९ मध्ये तो ब्राझीलला गेला, असे त्याचे चरित्र आहे. जगाचा खेळ दुरून, अविचल मनाने पाहावा, ही त्याच्या काव्यामागील भूमिका. पेसोआ ३० नोव्हेंबर १९३५ रोजी निवर्तले. पण रेइसच्या मृत्यूची नोंद त्यांनी केली नव्हती. ही मोकळी जागा सारामागो यांनी हेरली. पेसोआ यांच्या निधनाची वार्ता ऐकून रेइस डिसेंबर १९३५ च्या अखेरीस रिओहून बोटीने लिस्बनला परततो, येथून कादंबरी सुरू होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. रेइस परदेशी नाही. भाषा त्याची, देश त्याचा, रस्ते ओळखीचे. त्यामुळे त्याचे परकेपण भाषेच्या वा वंशाच्या भेदातून आलेले नसून पाहण्याच्या वृत्तीतून आलेले आहे.

हॉटेलातील पाहुणा

लिस्बनच्या रुआ दो आलेक्रिम या रस्त्यावरील ब्रागान्सा हॉटेलात रेइस उतरतो. तो शहरात भटकतो, पुतळे पाहतो, वर्तमानपत्रे वाचतो. पेसोआ यांनी १९२५ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिस्बनच्या मार्गदर्शिकेशी या भटकंतीची तुलना उद्बोधक ठरते. तिच्यातील प्रवासीही समुद्रमार्गे येतो. चौक, चर्च, स्मारके, संग्रहालये त्याला मोटारीतून क्रमाने दाखविली जातात. तेथे शहर आहे, पण शहरात राहणारी माणसे जवळजवळ नाहीत. सारामागो यांच्यासमोर ही मार्गदर्शिका असण्याचा संभव नाही, कारण कादंबरी तिच्या प्रकाशनापूर्वीची आहे. तथापि, प्रवाशाच्या नजरेतून जे निसटते तेच कादंबरीने भरून काढले आहे. १७५५ च्या भूकंपानंतर आखीव रस्त्यांनी नव्याने उभारलेल्या या शहरात सालाझारची हुकूमशाही आहे, गुप्त पोलीस आहेत आणि मदतीसाठी रांगेत उभे राहिलेले गरीब आहेत.

हॉटेलातील मोलकरीण लीदिया हिच्याशी रेइसचे शरीरसंबंध जुळतात. रेइसच्या काव्यातील प्रेयसीचेही नाव लीदियाच. परंतु ती केवळ एक संबोधन आहे, तर ही लीदिया बिछाने घालते, फरशी पुसते आणि स्वतःचे मत बाळगते. पोलिसांकडून चौकशीचे बोलावणे आल्यावर हॉटेलातील माणसांची नजर बदलते. पाहुण्याला मिळणारा आदर किती वरवरचा असतो, हे येथे उघड होते. यानंतर रेइस हॉटेल सोडतो.

घरातील पाहुणा

सांता कातारिनाच्या उंचवट्यावर तो घर भाड्याने घेतो. खिडकीतून तेजो नदी दिसते आणि १९२७ मध्ये उभारलेला आदामास्तोरचा पुतळाही दिसतो. आदामास्तोर हा कामोंइश यांच्या ‘उस लुझियादश’ (१५७२) या महाकाव्यातील, वास्को द गामाची वाट अडविणारा राक्षस. या महाकाव्याचे कथानक हिंदुस्थानच्या सागरी मार्गाचे आहे आणि कादंबरीतील राजवटीनेच पुढे १९६१ पर्यंत गोवा आपल्या ताब्यात ठेवला. त्यामुळे गोमंतकीय व मराठी वाचकाला हा पुतळा सर्वस्वी परका वाटणार नाही.

आता रेइसला पत्ता आहे, शेजारी आहेत, काही काळ बदली डॉक्टर म्हणून कामही आहे. वरकरणी तो स्थायिक झाला आहे. प्रत्यक्षात मात्र हॉटेलातील व्यवस्थाच येथे चालू राहते. लीदिया सुटीच्या दिवशी येऊन घर झाडते. ती गरोदर राहते, मूल ठेवण्याचा निश्चय करते. रेइस मात्र त्या मुलाला आपले म्हणण्याविषयी टाळाटाळ करतो. स्पेनमधील यादवी, बादाखोस येथील कत्तल हे सारे त्याच्यापर्यंत वर्तमानपत्रांतून येते आणि तेथेच थांबते. घर बदलले, पण राहण्याची रीत बदलली नाही.

८ सप्टेंबर १९३६ रोजी नाविकांचे बंड होते. त्यात लीदियाचा भाऊ दानियल सामील असतो. बंडखोर जहाजांवर तोफा डागल्या जाताना रेइस उंचवट्यावरून पाहतो आणि घरी येऊन रडतो. दानियलचा मृत्यू होतो. रेइस लीदियाचा शोध घेत हॉटेलात जातो. ती भेटत नाही. दुसऱ्याचे दुःख त्याच्या घरात शिरण्याचा हा पहिला क्षण. तो उशिरा येतो. त्यानंतर तो पेसोआच्या भुताबरोबर निघून जातो. लीदिया आणि तिचे होणारे मूल मागे राहतात.

मर्यादा

कादंबरीची रचना या अर्थाला पोषक असली तरी एक उणीव जाणवते. शहराची खरी रहिवासी लीदिया असूनही तिचे मन वाचकाला बहुधा रेइसच्या सहवासातच दिसते. ती एकटी असताना शहर कसे अनुभवते, हे फारसे कळत नाही. पाहुण्याच्या नजरेवर टीका करणारा निवेदक काही अंशी त्याच नजरेत अडकतो. शिवाय वर्तमानपत्रांतील मजकुराचा उपरोध काही ठिकाणी लांबतो. अर्थात, रेइसचे वाचणे म्हणजेच त्याचे न जगणे, हे ठसविण्यासाठी ही पुनरावृत्ती हेतुपुरस्सर असावी, असेही म्हणता येईल.

समारोप

पोर्तुगालने २०१२ मध्ये गुंतवणुकीच्या बदल्यात परदेशीयांना निवास परवाना देण्याची योजना आणली. तीमधील घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये बंद करण्यात आला. घरांच्या वाढत्या किमती हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. कादंबरी या घडामोडींच्या कितीतरी आधीची आहे. तरीही पत्ता आणि वास्तव्य यांत तिने केलेला भेद येथे उपयोगी पडतो. नवागताने येऊ नये, असे ती म्हणत नाही. आपले अंथरूण कोण घालते, ते घालणारी व्यक्ती स्वतः कोठे राहते आणि तिच्यावर संकट आल्यास आपण काय करणार, हे प्रश्न ती विचारते. रेइसला लिस्बनमध्ये सुमारे नऊ महिने मिळाले. शहराची सर्व स्थळे त्याने पाहिली. लीदियाच्या दारापर्यंत मात्र तो वेळेवर पोहोचला नाही. पाहुणा आणि रहिवासी यांमधील अंतर सारामागो यांनी या एका अपयशातून मोजले आहे आणि त्यातच या कादंबरीचे मोल आहे.