नंदलाल बोस यांची चित्रसाधना : फैजपूर, हरिपुरा आणि सेवाग्रामच्या भिंती

प्रस्तावना

चित्रकाराच्या प्रेरणास्रोतांचा विचार करताना आपल्याकडे बहुधा एक यादी दिली जाते : निसर्ग, अध्यात्म, परंपरा, लोकजीवन. अशा यादीवरून चित्रकार कशाकडे पाहत होता हे कळते. त्याने रेषा तशीच का ओढली हे कळत नाही. नंदलाल बोस (१८८२-१९६६) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. फेब्रुवारी १९३८ मधील हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगविलेले पट गांधीविचाराचे चित्ररूप म्हणून गौरविले जातात, आणि नेमक्या त्याच कारणाने प्रचारचित्रे म्हणून कधी दुय्यमही मानले जातात. दोन्ही मतांत चित्राचा विषय हाच त्याचा स्रोत समजला गेला आहे. साहित्य, वेळ आणि प्रेक्षक यांच्या मर्यादेत या पटांची प्रेरणा अधिक स्पष्टपणे सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याच मर्यादेतून त्यांचे बळ व त्यांचे उणेपण, दोन्ही कसे निर्माण झाले, हेही येथे पाहावयाचे आहे.

अजिंठ्यापासून शांतिनिकेतनपर्यंत

नंदलाल हे अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ते महाराष्ट्रात आले होते. प्रतिकृती करणे म्हणजे दुसऱ्याच्या हाताची चाल आपल्या हाताने पुन्हा चालून पाहणे होय. आकाराला गोलाई देणारी, छायाप्रकाशावर अवलंबून न राहणारी सलग रेषा त्यांच्या हातात मुरली ती येथे. पुढे बाघ लेणी, कालीघाटचे पट, शांतिनिकेतनातील अल्पना आणि १९२४ मध्ये रवींद्रनाथांसमवेत केलेला चीन-जपानचा प्रवास यांची त्यात भर पडली.

हे सर्व स्रोत खरे आहेत. तथापि ते सगळे १९३० पूर्वीच त्यांच्याजवळ जमा झाले होते. मग हरिपुऱ्याची चित्रे त्यांच्या आधीच्या पौराणिक जलरंगचित्रांपेक्षा इतकी वेगळी का दिसतात? या प्रश्नाचे उत्तर मधल्या काळात, म्हणजे फैजपुरात शोधावे लागते.

फैजपूर : मर्यादेची दीक्षा

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेले अधिवेशन हे काँग्रेसचे खेड्यात झालेले पहिले अधिवेशन. त्यासाठी उभारलेल्या 'टिळकनगर'च्या कलात्मक रचनेची जबाबदारी गांधीजींनी नंदलालांवर सोपविली. अट एवढीच होती की, परिसरात मिळेल त्या साहित्यातून आणि गावातील कारागिरांच्या हातून काम व्हावे. बांबू, गवत, चटया आणि दोरखंड यांतून प्रवेशद्वारे व मंडप उभे राहिले.

ही अट वरवर काटकसरीची वाटते; चित्रकाराच्या दृष्टीने ती शिक्षणाची होती. बांबू हवा तसा वळत नाही; तो ज्या अंगाने वळतो, त्या अंगानेच आकार घ्यावा लागतो. गावच्या कारागिराला कागदावरचा बारीक आराखडा देऊन चालत नाही. त्याच्या सवयीच्या हालचालीत बसेल असाच आकार सुचवावा लागतो. कल्पना आधी आणि साहित्य नंतर, हा कलाशाळेतील क्रम येथे उलटा झाला. याचा पाया शांतिनिकेतनात घातला गेलाच होता. तेथे १९३५ मध्ये रवींद्रनाथांसाठी बांधलेल्या 'श्यामली' या मातीच्या घराच्या भिंतींवर कलाभवनातील मंडळींनी उठावशिल्पे केली होती. फैजपुरात त्या प्रयोगाला हजारो ग्रामीण प्रेक्षक लाभले.

सेवाग्रामच्या भिंती

या संदर्भात वर्ध्याजवळील एक उदाहरण तुलनेसाठी घेणे उपयुक्त ठरेल. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावी, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामी, आले. येथील बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे, चरखा यांसारखे आकार उठावात केले आहेत. या आकारांना निराळा रंग नाही. भिंतीच्याच मातीतून ते किंचित वर आले आहेत, आणि प्रकाश तिरपा पडला की अधिक स्पष्ट दिसतात.

मीराबेन चित्रकार नव्हत्या आणि या आकारांची बरोबरी नंदलालांच्या कामाशी करण्याचे प्रयोजन नाही. साम्य आहे ते पद्धतीत : अलंकरण वरून चिकटविलेले नाही, ते बांधकामाच्या द्रव्यातूनच निघाले आहे. त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते आणि हातकागद हा त्यातील एक उद्योग होता. हरिपुऱ्याचे पटही हातकागदावरच रंगविले गेले. गांधीविचाराचा नंदलालांवरील प्रभाव हा विषयसूचनेच्या रूपाने नव्हे, तर असा द्रव्याच्या वाटेने शोधला पाहिजे.

हरिपुरा पट : रेषेचे स्वरूप

हरिपुऱ्यासाठी सुमारे चारशे पट तयार झाले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक नंदलालांच्या स्वतःच्या हातचे आहेत. ढोलवादक, मल्ल, शिंपी, पिंजारी, शेतकरी, धान्य कांडणाऱ्या स्त्रिया, मूल घेतलेली आई असे त्यांचे विषय. बहुतेक पटांत एका महिरपीखाली एक वा दोन आकृत्या आहेत, मागे सपाट रंग आहे आणि मातीच्या व खनिज रंगांचे जाड, वेगवान फटकारे आहेत.

येथील प्रत्येक वैशिष्ट्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. पट प्रवेशद्वारांवर व मंडपांवर लावावयाचे होते, चालत्या माणसाला दिसावयाचे होते. म्हणून बारकावे गळाले आणि बाह्यरेषा ठळक झाली. वेळ थोडा होता. म्हणून रेषा एका दमात ओढावी लागली. अनेक हात काम करणार होते. म्हणून महिरपीची समान चौकट आवश्यक ठरली. परंतु कारण व्यावहारिक असले तरी फलित केवळ व्यावहारिक नाही. पिंजाऱ्याच्या पटात कमानीचा ताण आणि माणसाच्या देहाचा बाक एकाच लयीत येतात. कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याच्या कमानीचा टणत्कार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही लय वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अजिंठ्याची रेषा देहाला डौल देणारी होती. येथे ती कामाची हालचाल दाखविते. परंपरेचे हे अनुकरण नव्हे. नव्या गरजेपोटी झालेले तिचे रूपांतर होय.

पटांत न आलेले

तथापि, या गौरवाबरोबर एक आक्षेपही नोंदविणे आवश्यक आहे. हरिपुऱ्याच्या खेड्यात सर्व जण आपापल्या कामात मग्न व प्रसन्न आहेत. प्रत्येक व्यवसायाला स्वतंत्र महिरप आहे. परंतु भारतीय खेड्यात व्यवसाय हा बहुधा जन्माने वाट्याला येत असे. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा युक्तिवाद फैजपूरच्याच वर्षी, १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लक्षात ठेवून पाहिल्यास वेगवेगळ्या महिरपींची ती ओळ निव्वळ शोभेची राहत नाही. ढोल वाजविणाऱ्याला गावात कोठे उभे राहण्याची मुभा होती, हा प्रश्न पट विचारीत नाही.

यावर असे म्हणता येईल की, पट उत्सवासाठी होते आणि उत्सवात तक्रार नसते. हे समर्थन अंशतःच स्वीकारता येते. दुःख नंदलालांना दिसत नव्हते असे नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी अन्नपूर्णेसमोर अस्थिपंजर शिव रंगविला. परंतु तेथेही त्यांना पुराणप्रतिमेचा आधार घ्यावा लागला. त्याच दुष्काळात चित्तप्रसाद गावोगाव हिंडून उपाशी माणसांची थेट रेखाटने करीत होते. दोघांच्या कामातील अंतर हे केवळ शैलीचे नाही. श्रमाची लय टिपणारी रेषा आणि अन्याय नोंदविणारी रेषा या भिन्न साधना आहेत, आणि हरिपुऱ्याने पहिली निवडली.

समारोप

२०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनातील भारतीय दालनात हरिपुरा पटांपैकी काही मांडले गेले. खेड्यातील वाटसरूसाठी केलेली चित्रे आता संग्रहालयाची झाली आहेत. अशा वेळी त्यांचे मूल्यमापन केवळ राष्ट्रीय भावनेवर सोडून चालणार नाही. नंदलालांची मोठी कमाई ही की, दिलेल्या कामाच्या अटींतूनच त्यांनी कलेचे नियम घडविले. त्यांची मर्यादा ही की, ज्या समाजाचे साहित्य त्यांनी इतक्या आदराने हाताळले, त्या समाजाची रचना त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज त्यांच्या प्रेरणेचा अभ्यास पूर्ण होत नाही.