बँड जुना, संगीत नवं

लॉस एंजेलिसच्या ईटीए या लहानशा बारमध्ये गिटारवादक जेफ पार्कर २०१६पासून सोमवारच्या सोमवारी वाजवत असे. सोबत जॉश जॉन्सन (अल्टो सॅक्सोफोन), ॲना बटर्स (बास) आणि जे बेलरोज (ड्रम्स). सुरुवातीला हे चौघं सगळ्यांना ठाऊक असलेल्या जुन्या धुना वाजवत. वर्षं गेली तशा त्या धुना मागे पडल्या आणि काहीही न ठरवता, एकमेकांच्या कानावर भरवसा ठेवून लांबच लांब वाजवणं उरलं. २०२३च्या अखेरीस बार बंद झाला. त्याच वर्षी २ जानेवारीच्या रात्री केलेलं ध्वनिमुद्रण ‘द वे आऊट ऑफ ईझी’ या नावानं २०२४च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. चार तुकडे, एकूण जवळपास ऐंशी मिनिटं. पहिलाच तुकडा, ‘फ्रीकडेलिक’, वीस मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात कोण पुढे आहे, कोण साथ करतंय हे सांगता येत नाही. बासची एक छोटी आकृती फिरत राहते, सॅक्सोफोनचे सूर यंत्रातून पुन्हा पुन्हा परत येतात, पार्कर कधी दोन सूर टाकतो, कधी नुसता थांबतो. तरीही लक्ष हटत नाही.

गेल्या चार-पाच वर्षांतले जॅझचे नवे अल्बम ओळीनं ऐकताना माझं एक मत पक्कं होत गेलं. जे पुन्हा ऐकावेसे वाटतात ते बहुतेक टिकलेल्या बँडचे आहेत. एकेकाळी जॅझच्या अल्बमचा साचा ठरलेला होता. एक नामवंत वादक, स्टुडिओत त्या दिवसापुरते बोलावलेले तीन-चार साथीदार, आधी धून, मग एकेकाचा सोलो, शेवटी परत धून. त्या साच्यातून थोर संगीत निघालं, याबद्दल वाद नाही. पण आज त्याच साच्यातले अल्बम ऐकले की वादक कितीही तयारीचा असला तरी तिसऱ्या तुकड्यापर्यंत पुढचं सगळं कळून चुकतं. नवं जे काही घडतंय ते लिहिलेलं आणि उपजेचं यांच्या सीमेवर घडतंय, आणि तिथं वावरायला एकमेकांची सवय लागते.

ब्रुकलिनची गिटारवादक मेरी हॅल्व्हर्सन हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. वेस्लियन विद्यापीठात प्रयोगशील रचनाकार अँथनी ब्रॅक्स्टनचा सहवास लाभलेली ही वादक. २०२२मध्ये ‘अमॅरिलिस’ हा अल्बम आला तो सहा जणांचा: गिटार, व्हायब्राफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बास, ड्रम्स. त्याच्याच जोडीनं ‘बेलाडोना’ आला, त्यात गिटार आणि तंतुवाद्यांची चौकडी. मग २०२४मध्ये त्याच सहा जणांचा ‘क्लाऊडवर्ड’, आणि २०२५मध्ये दोन सॅक्सोफोन वाढवून ‘अबाउट घोस्ट्स’. हॅल्व्हर्सनचा सूर लगेच ओळखू येतो. स्वच्छ, कोरडा सूर लागतो आणि पेडलच्या करामतीनं मध्येच घसरतो, जणू पायाखालची फरशी सरकली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिची लेखणी. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या दोन ओळी ती अशा गुंफते की एकाचा सोलो चालू असताना दुसऱ्याचं लिखित वाक्य त्याच्या खालून कधी सुरू झालं हे कळत नाही. ‘क्लाऊडवर्ड’ हा या मालिकेतला माझ्या मते सर्वांत नेटका अल्बम. ‘अबाउट घोस्ट्स’मध्ये रंग अधिक आहेत, इमॅन्युएल विल्किन्सचा अल्टो तर फारच सुंदर वाजलाय, पण आठ जणांच्या गर्दीत काही ठिकाणी हवा कमी पडते.

या संचातली व्हायब्राफोनवादक पॅट्रिशिया ब्रेनन मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची. तिचा स्वतःचा ‘ब्रेकिंग स्ट्रेच’ २०२४मध्ये आला आणि अमेरिकेतल्या जॅझ समीक्षकांच्या फ्रान्सिस डेव्हिस यांच्या नावानं चालणाऱ्या वार्षिक कौलात त्या वर्षी पहिला आला. कौलांवर मी विसंबत नाही, पण या वेळी तो योग्य माणसाला मिळाला. सात जणांचा संच, त्यात तीन फुंकवाद्यं, आणि ड्रम्सवर मार्कस गिल्मोर, म्हणजे नामवंत ड्रमर रॉय हेन्स यांचा नातू. त्याच्या जोडीला मॉरिसिओ हेरेराची तालवाद्यं. क्यूबन आणि मेक्सिकन लयींचे तुकडे इथं सरळ येत नाहीत, ते मोडून, मात्रा सरकवून येतात. पहिल्यांदा ऐकताना मात्रा मोजायचा प्रयत्न केला तर हाती काही लागत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना अंग आपोआप डोलायला लागतं. इतकं अवघड लिहून त्यावर नाचावंसं वाटायला लावणं ही मोठी गोष्ट आहे.

आता टायशॉन सोरी यांच्याकडे येतो, कारण गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त दिलं ते त्यांच्या त्रयीनं. सोरी ड्रमर आहेत आणि आधुनिक पाश्चात्त्य संगीताचे रचनाकारही. सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या त्यांच्या रचनेला २०२४चं पुलित्झर मिळालं. असा माणूस ही त्रयी घेऊन बसतो तेव्हा स्वतःचं काही वाजवत नाही, दुसऱ्यांच्या धुना वाजवतो. पियानोवर ॲरन डील, बासवर मॅट ब्रूअर. २०२२चा ‘मेझ्मरिझम’, २०२३चा ‘कंटिन्युइंग’. ‘कंटिन्युइंग’मध्ये फक्त चार धुना आहेत. वेन शॉर्टर आणि अहमद जमाल यांची एकेक, एक जुनं प्रेमगीत, आणि शेवटी हॅरॉल्ड मेबर्न यांची एक. मेबर्न हे सोरींचे न्यू जर्सीतल्या विल्यम पॅटर्सन विद्यापीठातले गुरू. शॉर्टर आणि जमाल दोघंही २०२३मध्येच गेले, त्यामुळे हा अल्बम न ठरवता श्रद्धांजली ठरला.

शॉर्टर यांची ‘रीइनकार्नेशन ब्लूज’ मुळात आर्ट ब्लेकी यांच्या संचानं चांगल्या चालत्या लयीत वाजवलेली. सोरी ती इतकी धीमी करतात की दोन ठोक्यांमध्ये खोलीतली शांतता ऐकू येते. इथं मराठी श्रोत्याला एक फायदा आहे. ज्याचे कान विलंबित ख्यालावर तयार झालेत त्याला ही संथ लय परकी वाटत नाही. समेची वाट बघण्यातलं सुख त्याला आधीपासून माहीत आहे. सोरी झांजेवर काठी किती हलकी टेकवतात, आवाज पूर्ण विरल्यावरच पुढचा ठोका कसा देतात, हे चांगल्या हेडफोनवर ऐकावं. शेवटच्या मेबर्न यांच्या धुनेत मात्र सगळं साचलेलं मोकळं होतं आणि एकच ठेका पंधरा मिनिटांच्या आसपास घुमत राहतो. पुढचा ‘द ससेप्टिबल नाऊ’ (२०२४) जवळपास ऐंशी मिनिटं न थांबता चालतो, मॅककॉय टायनरच्या धुनेपासून ब्रॅड मेल्डाऊच्या धुनेपर्यंत. बासवर हरीश राघवन आले आहेत. हा अल्बम एका बैठकीतच ऐकायला हवा, आणि त्याच्या मधल्या भागात माझी एकाग्रता एकदा नव्हे, प्रत्येक वेळी सैल होते. ‘कंटिन्युइंग’ त्याहून श्रेष्ठ.

हेच सोरी पियानोवादक विजय अय्यर यांच्या त्रयीतही आहेत, बासवर लिंडा मे हान ओ. ‘अनीझी’ (२०२१) आणि ‘कम्पॅशन’ (२०२४) हे दोन्ही अल्बम उत्तम. पहिल्यातली धग दुसऱ्यात निवळली आहे, इतकंच.

इमॅन्युएल विल्किन्सचं उदाहरण जरा गुंतागुंतीचं आहे. त्याच्या चौकडीचा ‘द सेव्हन्थ हँड’ (२०२२) हा सात भागांचा अल्बम. शेवटचा भाग सव्वीस मिनिटांचा, पूर्णपणे अलिखित. आधीच्या सहा भागांत लिहिलेलं जणू क्रमाक्रमानं सोडून देत ही चौकडी तिथं पोचते, आणि तिथला आकांत खरा वाटतो, कारण तो कमावलेला आहे. मग २०२४मध्ये ‘ब्लूज ब्लड’ आला. विषय जड आहे. १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी कृष्णवर्णीय मुलांना केलेली मारहाण, आणि त्यांतल्या एकाची साक्ष. मूळ प्रयोगात मंचावर स्वयंपाकही होत असे. अल्बममध्ये चौकडीबरोबर गायक-गायिका आहेत, आणि त्यांत गानव्याचा आवाज मला सर्वांत जवळचा वाटला. ती तमिळनाडूत वाढली, हरिकथेच्या परंपरेत शिकली. तंजावरच्या मराठा राजवटीत मराठी कीर्तन तिकडे रुजलं आणि त्याचा ठसा तमिळ हरिकथेवर राहिला, हे ठाऊक असलेल्याला तिच्या गाण्यातलं सांगणं वेगळंच भिडेल. पण आवाज वाढले तशी चौकडी आकसली. ज्या चौकडीनं ती सव्वीस मिनिटं पेलली होती ती इथं बराच वेळ पाहुण्यांना जागा करून देत बसली आहे.

पाहुण्यांचा हा सोस आजच्या अल्बमांचा मोठा दोष आहे. लंडनचे शबाका हचिंग्स यांनी २०२३च्या अखेरीस सॅक्सोफोन खाली ठेवला आणि बासऱ्या हाती घेतल्या. भर यशात असं करायला धैर्य लागतं आणि त्याचा मला आदर आहे. ‘परसीव्ह इट्स ब्यूटी, ॲक्नॉलेज इट्स ग्रेस’ (२०२४) हा त्यानंतरचा अल्बम न्यू जर्सीच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झाला, जिथं जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ झाला होता. जेसन मोरान, एस्पेरांझा स्पॉल्डिंग, आंद्रे ३०००, अशी नावांची रांग आहे. ध्वनी मोहक आहे. पण एकजण येतो, सुगंध शिंपडतो, जातो. कुणी कुणाला अडवत नाही, उलट उत्तर देत नाही. जॅझमधून हे वजा केलं की मागे नुसतं वातावरण उरतं. असं मऊ, ध्यानधारणेच्या वेळी लावायचं संगीत सध्या जॅझ या नावाखाली भरपूर येतंय, आणि त्यातलं फार थोडं टिकेल.

माझ्या मताला छेद देणारा अल्बमही सांगितला पाहिजे. चार्ल्स लॉइड यांचा ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ १५ मार्च २०२४ रोजी, त्यांच्या शहाऐंशीव्या वाढदिवशी आला. मोरान (पियानो), लॅरी ग्रेनाडिअर (बास) आणि ब्रायन ब्लेड (ड्रम्स) हे तिघं त्यांच्याबरोबर अशा चौकडीत प्रथमच आले होते. तरीही नव्वद मिनिटांच्या आसपासचं हे संगीत मुरलेल्या बँडचं वाटतं. लॉइड यांच्या सॅक्सोफोनचा सूर आता कापरा झालाय आणि त्या कापरेपणातच ते बोलतात. आपले झाकीर हुसेन त्यांच्याबरोबर ‘संगम’पासून २०२२च्या ‘सेक्रेड थ्रेड’पर्यंत वाजवत होते, ते काही उगाच नव्हे. ज्याच्या अंगात साठ वर्षांच्या मैफली आहेत त्याला तीन वेगळे श्वास एकत्र आणायला एक दुपार पुरते. तिशीतल्या वादकानं मात्र या उदाहरणाचा आधार घेऊ नये.

आणि याच काळात जॅझच्या दुकानातला सर्वांत उंच ढीग मृतांचा आहे. १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबमध्ये झालेलं जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांचं ध्वनिमुद्रण २०२३मध्ये बाहेर आलं. ॲलिस कोल्ट्रेन यांची १९७१ची कार्नेगी हॉलमधली मैफल २०२४मध्ये. मॅककॉय टायनर आणि जो हेंडरसन यांची १९६६ची ‘फोर्सेस ऑफ नेचर’ त्याच वर्षी. तिन्ही मी आनंदानं ऐकले, तिसऱ्याच्या आवेगानं तर दम लागतो. पण कंपन्यांचा पैसा, वर्तमानपत्रांतली जागा आणि रसिकांचं पाकीट यांना मर्यादा आहे. पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका रात्रीला पानभर मजकूर मिळतो आणि परवा आलेल्या ‘ब्रेकिंग स्ट्रेच’ला चार ओळी, हे प्रमाण चुकीचं आहे.

त्यात ऐकण्याची सध्याची सोय नव्या संगीतावर उलटते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ ऐकलं असं धरतात, मग तुकडा दोन मिनिटांचा असो की ‘फ्रीकडेलिक’सारखा वीस मिनिटांवरचा. २०२४पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या तुकड्याला तिथं मानधनच मिळत नाही. बास कुणी वाजवलाय हे शोधायलाही धडपडावं लागतं. ज्या संगीताचा प्राण बँडमध्ये आहे त्याची माहिती देताना बँडचीच नावं गाळली जातात.

१९७८मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा सनी रॉलिन्स वाजवायला आले होते. त्या पिढीनं कान तयार केले, पण आपल्याकडच्या बऱ्याच रसिकांचं कपाट १९६५च्या आसपास थांबलंय. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकानही २०१६मध्ये बंद झालं. तरी वादकाला थेट पैसे देऊन अल्बम घेण्याची सोय बँडकॅम्पवर आहे, त्यासाठी कुठं जावं लागत नाही. तेव्हा एक करा. पुढच्या वेळी कोल्ट्रेनची नवी सापडलेली टेप घ्याल तेव्हा जिवंत वादकाचाही एक अल्बम घ्या, आणि पूर्ण ऐका. कुठून सुरुवात करावी असं विचाराल, तर सोरींच्या ‘कंटिन्युइंग’पासून करा.