नाशिक : ग्रामनाम आणि राजकुळे

नाशिक या ग्रामनामाच्या दोन व्युत्पत्ती स्थलवर्णनपर ग्रंथांतून वारंवार आढळतात. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक छेदले म्हणून ‘नासिक’, ही एक. नऊ टेकड्यांवर वसले म्हणून ‘नवशिख’, ही दुसरी. पहिली उघडच आख्यायिका आहे. दुसरी शास्त्राच्या वेषात वावरते, म्हणून तिचे परीक्षण अधिक अवश्य ठरते.

‘लवण’ शब्दाचे मराठीत ‘लोण’ झाले. त्याच न्यायाने ‘नवशिख’चे ‘नोशीख’सारखे रूप व्हावयास हवे होते. शिवाय इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील पतंजली महाभाष्यात ‘नासिक्य’ हेच नगरनाम देतो आणि ‘नासिका’ शब्दाच्या जागी येणारा ‘नस्’ हा आदेश या नगरनामात होत नाही, असे नोंदवितो. नामाचा नासिकेशी संबंध यावरून दिसतो. शूर्पणखेशी तो होता, असे मात्र सिद्ध होत नाही. आजच्या रूपातील ‘श’देखील ‘शिखे’चा अवशेष नव्हे. इकारापूर्वी ‘स’चा ‘श’ होणे ही मराठीची नित्याची प्रवृत्ती असून ‘सीव्’ धातूपासून आलेले ‘शिवणे’ हे तिचे परिचित उदाहरण होय.

राजकुळांनी या नामाचा इतिहास घडविला, हे गृहीतही तपासून पाहिले पाहिजे. पांडवलेण्यांतील क्षहरात नहपानाचा जामात उषवदात आणि सातवाहन राजमाता गौतमी बलश्री यांच्या कुळांचे दानलेख प्रसिद्ध आहेत. त्यांतील राजाज्ञा ज्या अमात्यांस उद्देशून आहेत, ते गोवर्धनचे. आज गोवर्धन हे नाशिकजवळचे एक खेडे आहे. ‘नासिक’ हे नाव येते ते सातवाहन कृष्णाच्या काळच्या एका महामात्राच्या लेखात, आणि दूर बेडसे येथे दान देणाऱ्या एका श्रेष्ठिपुत्राच्या लेखात. राजशासनाची दृष्टी गोवर्धनावर होती. नगराचे नाव अधिकारी व व्यापारी यांच्या वापरात होते.

मुघल अमलात नगरास ‘गुलशनाबाद’ नाव मिळाले. ते पेशवेकालीन टांकसाळीच्या रुपयांवरही राहिले, परंतु लोकांच्या मुखी रुजले नाही. उलट सरदारकुळेच गावांची नावे धारण करीत. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांचे मूळ उपनाम दाणी. निफाड तालुक्यातील विंचूरच्या जहागिरीमुळे हे घराणे ‘विंचूरकर’ झाले. गावाने कुळास नाव दिले, कुळाने गावास नव्हे.

तात्पर्य, ग्रामनामाच्या अभ्यासकाने राजवंशावळीवर विसंबू नये. ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि सामान्य दात्यांचे लेख ही दोन साधने आधी हाती घ्यावीत. आख्यायिकेचा विचार त्यानंतर करावा.